औंधच्या संग्रहालयात पोरांना न्यायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी खटाव तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे, पाचवी ते सातवीच्या पोरांना औंधच्या भवानी संग्रहालयात न्यायचं ठरतंय. तिथे रविवर्मा, धुरंधर यांची चित्रं आहेत, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं आई-बाळाचं शिल्पपण आहे (आपल्याच सातारा जिल्ह्यात, निम्म्या लोकांना माहीत नाही!) पण नेहमीसारखं रांग लावून "हात लावू नका, पुढे चला" असं नकोय, एकाच चित्रासमोर दहा मिनिटं बसवून पोरांना बोलतं करायचंय. कोणाकडे मराठीत वर्कशीट आहे का? आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची ती म्युझियम ऑन व्हील्सवाली बस (फिरतं संग्रहालय), ती कोणी शाळेत बोलावलीये का, अर्ज कसा करायचा, किती आधी कळवायचं? शिक्षकांसाठी ट्रेनिंग असेल तर तेही सांगा प्लीज, सहल दिवाळीनंतर आहे.