अनुभव सांगा: खरीखुरी रॉकेटं आणि यानं समोरासमोर बघितलीत का?

अवकाश केंद्रात नाहीतर एखाद्या संग्रहालयात जाऊन जुनी रॉकेटं, कॅप्सूल, शटल बघून आलेले बरेच जण इथे असणार, त्यांच्यासाठी हा धागा. तिकीट कुठे काढायचं, बस कुठून सुटते ही माहिती नेटवर ढिगाने आहे, ती नकोय. समोर उभं राहिल्यावर काय झालं ते लिहा. काय वाटलं होतं त्यापेक्षा मोठं निघालं, काय बारकं निघालं, कशापुढून पाय हलेना. आणि एक खास प्रश्न, तुम्ही बघितलेलं खरंच उडून आलेलं होतं का?

मी सुरुवात करते. फ्लोरिडाचं केनेडी स्पेस सेंटर. तिथे सॅटर्न ५, म्हणजे अपोलो मोहिमांत चंद्रावर माणसं नेणारं रॉकेट, बघायला सरळ आत सोडत नाहीत, आधी एका खोलीत अपोलो ८ चं उड्डाण जुन्या कन्सोलांसकट दाखवतात, काउंटडाऊन होतो, खिडक्यांच्या काचा थडथडतात, आणि मग दार उघडून बाहेर येता तर डोक्यावर थेट पाच एफ-१ इंजिनं. एकेकाचं तोंड साडेतीन मीटरच्या वर रुंद. रॉकेट आडवं ठेवलंय, लांबी ११० मीटर, आणि त्याच्याखालून चालत टोकाकडे जायचं. सुरुवातीला मी फोटो काढत होते, मग फोटोत काही मावेचना तेव्हा नाद सोडला आणि नुसती चालत राहिले. पुढे अपोलो १४ चं कॅप्सूल, म्हणजे अंतराळवीर बसायचा डबा आहे, नाव किटी हॉक. जळून तपकिरी झालेलं, जेमतेम चार मीटर रुंद. तिथे उभी असताना डोक्यात आलं की एवढ्या मोठ्या प्रकरणातून परत येतं ते इतकंच, बाकी सगळं समुद्रात, नाहीतर चंद्रावर आदळलेलं, नाहीतर सूर्याभोवती फिरतंय. म्हणजे मी इतका वेळ जे रॉकेट बघत होते ते इथे आहे, कारण ते कधी गेलंच नाही! आधी जरा फसवल्यासारखं वाटलं, मग नाही वाटलं, का ते अजून नीट सांगता येत नाही. म्हणून हा धागा.

———

तुमच्या खास प्रश्नावरच लिहितो, कारण ह्या विषयात मी जरा जास्तच घुसलोय. सॅटर्न ५ तीनच ठिकाणी बघायला मिळतं, केनेडी, टेक्सासचं ह्यूस्टन आणि अलाबामाचं हंट्सविल. ह्या रॉकेटचे एकावर एक तीन टप्पे असतात; केनेडीचा पहिला, सगळ्यात खालचा टप्पा चाचणीसाठी बांधलेला होता, जमिनीला बांधून पेटवायचा. वरचे दोन मात्र उड्डाणाचे. हंट्सविलचं सगळं रॉकेट हादऱ्यांच्या चाचण्यांसाठी होतं. तिन्ही टप्पे खरोखर उडण्यासाठी बांधलेले असं फक्त ह्यूस्टनला आहे, तेही वेगवेगळ्या रॉकेटांमधले जोडून. १९७० मध्ये अपोलोच्या शेवटच्या मोहिमा रद्द झाल्या आणि नासावाले तयार माल घेऊन बसले. म्हणजे फसवणूक वगैरे नाही हो, ह्यूस्टनचं रॉकेट जायला तयार होतं, पाठवणाऱ्यांचे पैसे संपले.

ह्यूस्टनचं मी दोन अवस्थांमध्ये बघितलंय. पूर्वी ते उघड्यावर पडलेलं असायचं, १९७७ पासून तसंच, उन्हापावसात. रंगाचे पोपडे उडालेले, फटींमधून झाडं उगवलेली, पक्ष्यांची घरटी. चंद्रावर जायचं यंत्र आणि त्यात पाखरं संसार करतायत. मला राग आला होता खरं सांगायचं तर. नंतर डागडुजी झाली, त्याच्याभोवती इमारत उभी राहिली, आता चकाचक आहे. पण गंमत म्हणजे मला त्याचं वय जाणवलं ते त्या घरट्यांच्या काळातच जास्त.

ह्यूस्टनला आणखी एक सांगतो, जुना मिशन कंट्रोल, म्हणजे जिथून मोहिमा चालवायचे ती खोली, चुकवू नका. २०१९ मध्ये अपोलो ११ च्या वेळी होता तसा करून ठेवलाय. कन्सोलांवर ॲशट्रे, कॉफीचे कप, सिगारेटची पाकिटं, फायली, सगळं त्या काळचं. तुम्ही काचेमागे पाहुण्यांच्या खुर्च्यांवर बसता, समोरचे दिवे लागतात आणि चंद्रावर उतरतानाचं संभाषण सुरू होतं. रॉकेट बघून जे होत नाही ते तिथे होतं. रॉकेट म्हणजे शेवटी धातू, इथे माणसं बसली होती आणि त्यांची सरासरी वयं तिशीच्या आतली होती.

———

आम्ही केनेडीलाच गेलो होतो पण माझा अनुभव अटलांटिसचा, म्हणजे विमानासारखं परत उतरणाऱ्या शटलचा. २०११ च्या जुलैमध्ये शेवटचं शटल उड्डाण केलं ते हेच, एकूण ३३ मोहिमा. ते जमिनीवर उभं न ठेवता हवेत तिरकं टांगलंय, ४३.२१ अंशात, ४, ३, २, १ म्हणून (हे कळल्यावर लेक दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती). सामानाच्या कप्प्याची दारं उघडी, म्हणजे अंतराळात असताना दिसेल तसं.

मला वाटत होतं शटल पांढरंशुभ्र असणार. जवळ गेलं की ते मळकं आहे. उष्णतेपासून वाचवणाऱ्या हजारो फरशा, प्रत्येकीवर नंबर, काही करड्या पडलेल्या, काही नव्या पांढऱ्या मध्येच बसवलेल्या, कडांना भाजल्याच्या रेघा ओढल्यासारख्या. ठिगळं लावून लावून वापरलेली गोधडी असते ना, अगदी तशी. आणि त्यांनी ते धुऊनपुसून नवं केलं नाही ह्याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. वरच्या धाग्याच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हो, हे उडून आलेलं आहे, आणि ते अंगावर दिसतं.

त्याच इमारतीत खाली चॅलेंजर आणि कोलंबिया ह्या शटलांच्या अपघातांत गेलेल्या चौदा जणांची जागा आहे. प्रत्येकाची एक पेटी, त्यात त्यांच्या आवडीच्या, घरच्यांनी दिलेल्या वस्तू. कल्पना चावलाच्या पेटीपाशी बराच वेळ थांबलो. पुढे चॅलेंजरच्या बाजूचा एक मोठा तुकडा, त्यावर झेंडा अजून ओळखू येतो, आणि कोलंबियाच्या खिडक्यांच्या चौकटी, काचा नसलेल्या. तिथे फोटो कोणी काढत नव्हतं. लहान मुलं बरोबर असतील तर आधी काय सांगायचं ते ठरवून जा, आमच्याकडे प्रश्न आलेच.

———

मी थोडा वेगळा सूर लावतो, रागावू नका. मला रॉकेटांच्या बागा कंटाळवाण्या वाटतात. उभे नळकांडे, खाली पाटी, पुढचं नळकांडं. सगळी बघून झाली की कुठलं ॲटलस आणि कुठलं टायटन हे बाहेर पडेपर्यंत विसरायला होतं. हंट्सविलला मला आवडलं ते वेगळंच. दाराजवळ मिस बेकरची कबर आहे. १९५९ मध्ये जुपिटर क्षेपणास्त्राच्या टोकात बसून वर जाऊन जिवंत परत आलेलं छोटंसं माकड, सोबत एबल नावाचं दुसरं होतं. ही बाई पुढे १९८४ पर्यंत जगली! तिच्या कबरीवर लोक केळी ठेवून जातात. मी गेलो तेव्हाही होती. आत शेकडो टन धातू लटकवलाय आणि माझ्या लक्षात राहिली ती केळी.

———

माकडाचा विषय निघालाय तर मॉस्कोचं घ्या. कॉस्मोनॉटिक्स म्युझियमवर १०७ मीटर उंच टायटॅनियमचा मनोरा आहे, रॉकेट वर जातंय आणि मागे धूर अशा आकाराचा, तो लांबूनच दिसतो. आत बेल्का आणि स्ट्रेल्का, १९६० च्या ऑगस्टमध्ये पृथ्वीभोवती फिरून जिवंत परत आलेल्या कुत्र्या, पेंढा भरून काचेत ठेवल्यात. माझ्याबरोबरच्या बाईंना ते अजिबात आवडलं नाही, त्या तिथून निघूनच गेल्या. मला मात्र त्यांच्या बसायच्या पेटीकडे बघून पहिल्यांदा कळलं की माणसाला पाठवायच्या आधी किती अंधारात चाचपडत होते हे लोक.

———

बारकं काय निघालं ह्याचं उत्तर माझ्याकडे आहे. लंडनचं सायन्स म्युझियम. ते अवकाश केंद्र नाही पण तिथे अपोलो १० चं कॅप्सूल आहे. मे १९६९, चंद्रावर न उतरता बाकी सगळी रंगीत तालीम, त्यांचं चांद्रयान पृष्ठभागापासून साधारण १५ किलोमीटरवर जाऊन परत फिरलं. घरी येताना ह्या डब्याने ताशी ३९,८९७ किलोमीटर वेग गाठला होता. आतमध्ये तीन माणसं आठ दिवस होती. मी काचेतून तीन बाकड्यांकडे बघत होतो आणि मनात हिशोब की एकाने कूस बदलली तर दुसऱ्याला लागणारच.

बुडाला जी उष्णतेची ढाल आहे ती नीट बघा. ती स्वतः जळून झिजते आणि झिजताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आतली माणसं वाचतात. हे वाचलेलं होतं सगळं, पण भाजलेला, खवले पडलेला तो पृष्ठभाग बघितल्यावर ‘झिजते’ म्हणजे काय ते दिसलं.

तिथेच ब्रिटिश अंतराळवीर टिम पीक ज्यातून २०१६ मध्ये परतला ते रशियन यान सोयूझ पण घेतलंय, काळंकुट्ट. अपोलोचं कॅप्सूल त्यापुढे ऐसपैस वाटायला लागतं! सोयूझमध्ये गुडघे छातीशी घेऊन बसायचं, तेही तिघांनी.

———

सोयूझवरून आठवलं, राकेश शर्मा ज्यातून परतले ते कॅप्सूल दिल्लीच्या नेहरू तारांगणात आहे. लोक शोची वेळ गाठायच्या गडबडीत त्याच्या बाजूने निघून जातात, थांबत नाहीत, त्यांना वाटतं मॉडेल आहे. अहो खरं आहे ते! एप्रिल १९८४. गेले सोयूझ टी-११ मधून आणि आले टी-१० मधून, कारण अवकाश स्थानकावर राहणाऱ्यांसाठी ताजं यान ठेवायचं आणि पाहुण्यांनी जुनं घेऊन यायचं अशी रीत होती. मी शाळेतल्या मुलांना घेऊन गेले होते, त्यांना म्हटलं हे वरून आलंय, तर एकाने विचारलं मग ह्याला दार एवढंच का. ह्याच्यापेक्षा मोठं व्याख्यान मला करता आलं नसतं.

———

थुंबा कोणीच लिहिलं नाही अजून म्हणून लिहितो. केरळमध्ये, समुद्राला लागून. विक्रम साराभाई स्पेस सेंटरचं संग्रहालय एका चर्चमध्ये आहे, सेंट मेरी मॅग्डलीन. ही जागा चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहे, वरच्या वातावरणात साधारण शंभर किलोमीटरवर जो विद्युतप्रवाह वाहतो तो तपासायला इथून रॉकेट सोडणं सोयीचं. साराभाई बिशपांकडे गेले, बिशपांनी गावातल्या लोकांना विचारलं आणि मच्छीमारांच्या वस्तीने चर्चसकट जागा दिली. मग चर्च झालं ऑफिस, बिशपांचं घर पण कामाला, गुरांच्या गोठ्यात प्रयोगशाळा. २१ नोव्हेंबर १९६३ ला इथून पहिलं रॉकेट गेलं, अमेरिकेतून आणलेलं नायकी अपाची. रॉकेटचा भाग सायकलच्या कॅरियरवर घालून नेतानाचा फोटो सगळ्यांनी बघितलाय, तो फोटो बघून आपण हसतो नाहीतर भारावून जातो, पण तिथे उभं राहिलं की सायकल का ते कळतं. सगळं हाकेच्या अंतरावर, वाळूत, गाडीची गरजच काय.

केनेडीसारखं डोळे दिपवणारं काही नाही, आधीच सांगतो. साउंडिंग रॉकेटं, म्हणजे वरच्या वातावरणात मोजमापं घेऊन खाली पडणारी छोटी रॉकेटं आहेत, उपग्रह सोडणाऱ्या पहिल्या भारतीय रॉकेटची, एसएलव्ही-३ ची माहिती आहे, मॉडेलं बरीच. उडून आलेलं म्हणाल तर फारसं काही असणार कसं, साउंडिंग रॉकेट समुद्रातच पडतं. पण इथे खरी वस्तू ती इमारत आहे. आत मान वर करून छताकडे बघा. ओळखपत्र न्या, आणि फोटोचे नियम आत जायच्या आधी विचारून घ्या.

———

समुद्रात पडतं म्हणालात, पण समुद्रातून काढलेलं पण बघता येतं! कॅन्ससमध्ये हचिन्सनला कॉस्मोस्फिअर नावाचं संग्रहालय आहे, चारी बाजूंना सपाट शेतं आणि मध्ये हे. अंतराळवीर गस ग्रिसमचं कॅप्सूल लिबर्टी बेल ७ तिथे आहे. जुलै १९६१ मध्ये उतरल्यावर झाकण उडालं, पाणी शिरलं, ग्रिसम कसाबसा पोहून वाचला आणि कॅप्सूल बुडालं. १९९९ मध्ये साडेचार किलोमीटर खोलवरून वर काढलं, सुटं करून साफ केलं, परत जोडलं. ग्रिसमने आठवण म्हणून बरोबर नेलेली नाणी आत सापडली. तो स्वतः १९६७ मध्ये अपोलो १ च्या आगीत गेला, झाकण त्याने उघडलं की आपोआप उडालं हा वाद आयुष्यभर त्याच्या मागे लागला होता.

वाटेत स्फोट होऊनही तिघांना जिवंत परत आणणारं अपोलो १३ चं कॅप्सूल ओडिसी पण तिथेच. त्याच्यासमोर मी का कोण जाणे हात जोडले.

———

धागाकर्तीला: ‘कधी गेलंच नाही म्हणून इथे आहे’ ह्याचं सगळ्यात भारी उदाहरण लॉस एंजेलिसला उभं राहतंय. एंडेव्हर शटल जानेवारी २०२४ मध्ये इंधनाच्या खऱ्या टाकीला आणि बूस्टर रॉकेटांना जोडून उभं केलंय, उड्डाणाला तयार असतं तसं. शटल २५ वेळा जाऊन आलेलं, पण नारिंगी टाकी प्रत्येक वेळी वातावरणात तुटून जळायची, त्यामुळे उडालेली टाकी जगात कुठेच नाही. ही जी लावलीय ती ईटी-९४, उड्डाणासाठी बांधून न वापरलेली शेवटची उरलेली. म्हणजे एकाच ठिकाणी गेलेलं आणि न गेलेलं दोन्ही, एकमेकांना बोल्टांनी घट्ट. इमारत त्याच्याभोवती नंतर बांधायला घेतली, त्यामुळे जायच्या आधी ते खुलं आहे का बघून घ्या.

———

हे मला माहीतच नव्हतं! टाकीचा फोटो कोणाकडे असेल तर टाका. आणि कझाकस्तानातल्या बायकोनूर अवकाश तळावर कोणी गेलंय का, गागारिनच्या लाँचपॅडपर्यंत सोडतात असं ऐकलंय, कोणी स्वतः जाऊन आलं असेल तर सविस्तर लिहा.