उषाचा तो शतांश सेकंद आणि आपापल्या अडथळ्यांच्या शर्यती

गोदाकाठ: काल गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालायला गेले होते. दहा-बारा वर्षांची एक पोरगी बुटांचे रिकामे खोके ओळीने मांडून त्यांवरून पळत होती. डावा पाय सरळ पुढे, उजवा बाजूने वळवून. मला एकदम १९८४ आठवलं. मी आठवीत, आम्ही पंचवटीत राहायचो. लॉस एंजेलिस, पी. टी. उषाची ४०० मीटर अडथळ्यांची फायनल. उषा ५५.४२, रोमानियाची कोजोकारू ५५.४१. ब्राँझ गेलं. अण्णांनी पेपर वाचून घडी घातली आणि एवढंच म्हणाले, "छाती पुढे टाकायला हवी होती गं पोरीने."
त्याच हिवाळ्यात मी शाळेत अडथळ्यांना नाव दिलं. आमचे अडथळे सुताराकडून करून घेतलेले, फक्कीच्या रेषेवर खुंट्या ठोकून पक्के बसवलेले. खरा अडथळा पाय लागला की पुढे कलंडतो, हे मला फार उशिरा कळलं. तिसऱ्यालाच नडगी फुटली. खूण अजून आहे. तुमचंही लिहा ना.

सातपूरकर: आमच्या शाळेत मुलींनाही पुरुषांच्याच उंचीचे लावायचे. ४०० ला बायकांचा ७६.२ सेंमी, पुरुषांचा ९१.४. चांगला सहा इंचांचा फरक! ताई रडत घरी आली होती. अजून राग येतो.

सिडकोवाली: भाजी फोडणीला टाकलीय, नंतर लिहिते. नडगीला काय लावलं होतं गं?

गोदाकाठ: हळद. वर आईची बोलणी.

ओझरकर: त्या फायनलचा पहिला स्टार्ट फॉल्स गेला होता. उषा तेव्हा झकास सुटली होती. परत उभं केल्यावर तो जोर राहिला नाही. वीस वर्षांची पोर हो!

भगूरची लेक: वलसम्माला विसरू नका. ८२ च्या दिल्ली एशियाडला हीच शर्यत, सुवर्ण, ५८.४७. आमच्या पीटीच्या बाई तिचं कात्रण पर्समध्ये ठेवायच्या, घडीवर पार फाटलेलं.

गंगापूर रोड: सगळे ८४ वरच का अडता? ८६ ला सोलमध्ये २००, ४००, ४०० अडथळे आणि रिले, चार सुवर्ण. वर १०० ला रौप्य. वडिलांनी अख्ख्या वाड्यात पेढे वाटले होते.

मखमलाबाद: भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर कविता राऊतला पळताना पाहिलंय. अडथळे नाहीत, लांब पल्ला, पण आठवलं म्हणून लिहिलं.

भगूरची लेक: अडथळे नाहीत कसे? सावरपाड्यासारख्या आदिवासी पाड्यावरून येऊन २०१० च्या कॉमनवेल्थला १०,००० मीटरचं ब्राँझ आणलं तिने.

सातपूरकर: विषय सोडून विचारतो, रामकुंडावर पाणी कुठवर आलंय? आईला न्यायचंय.

गोदाकाठ: घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलंय. आज नका नेऊ.

सिडकोवाली: झाली भाजी. मी शर्यतीला कधी उभीच राहिले नाही, हाफ पँट घालायची नाही म्हणून घरून सक्त ताकीद. बाई दोनदा घरी येऊन सांगून गेल्या, तरी नाही. आता लेक पळते, अडथळेच. रोज सहाला मैदानावर सोडते आणि तिचे स्पाइक्स मीच पुसते. गोदाकाठ, ती खोकेवाली परत दिसली तर आईचा नंबर घे तिच्या. आमच्याकडे दोन कलंडणारे अडथळे आहेत.