भीमजयंतीला वस्तीतल्या आशाताई, अंगणवाडीताईंचा सन्मान करायचाय, शाल-नारळाच्या पलीकडे काय करता येईल?

विहारामागची गल्ली:
जय भीम मंडळी. आमची वस्ती उत्तर नागपुरातली. दरवर्षी १८ तास अभ्यास, १४ एप्रिलला सकाळी विहारात वंदना आणि संध्याकाळी मिरवणूक असते. यंदा मंडळात ठरलंय की डीजेचा खर्च कमी करून वस्तीत जे दुसऱ्यांची काळजी घेतात त्यांचा सन्मान करायचा, म्हणजे आशाताई, अंगणवाडीताई, मदतनीस आणि आमच्या एक मावशी. या मावशी कुठल्याच योजनेत नाहीत, पण कुणाचं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की जाऊन अंग पुसून देतात, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलून देतात, रात्री थांबावं लागलं तरी थांबतात, एक रुपया घेत नाहीत. माझ्या आजीचं शेवटचं दीड वर्ष त्यांच्यामुळेच निभावलं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांचा सत्कार ठेवला होता, माइकवरून दोनदा नाव पुकारलं पण त्या आल्याच नाहीत, नंतर कळलं की त्या पलीकडच्या गल्लीत एका आजोबांजवळ बसून होत्या, कारण आजोबांच्या घरचे सगळे आमच्याच कार्यक्रमाला आले होते. ते माझ्या मनाला अजून लागून आहे. बाबासाहेबांच्या नावाला शोभेल असं काय करावं, सांगा.

आशा सेविका, यवतमाळ:
जय भीम दादा, तुम्ही विचारलंत हेच खूप आहे. मी स्वतः आशा आहे म्हणून स्पष्ट सांगते. हजार लोकसंख्येमागे एक आशा, २००५ पासून हे चालू आहे, पण कागदावर आम्ही अजून स्वयंसेविकाच, पगार नाही, मानधन आणि कामानुसार मोबदला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला तेव्हा खरंच डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्याच महिन्यात माझा मोबदला थकलेला होता आणि पोराची फी उसने पैसे घेऊन भरली.

आम्हाला काय लागतं ते सांगू का. रात्री दोन वाजता फोन येतो, ताई हिच्या पोटात दुखायला लागलं. १०८ ला लावतेच, पण ती येईपर्यंत जीव टांगणीला असतो. मंडळातली चार पोरं गाडी काढायला तयार असतील तर त्यांचे नंबर एका कागदावर लिहून द्या, कोणत्या रात्री कोण ते पण लिहा. तो कागद मी दाराच्या आत चिकटवून ठेवीन. शाल काय, कपाटात घडी करून पडून राहते हो.

वाचनालयवाला:
ताईंशी सहमत. एक गोष्ट जोडतो, यांच्या कामाला नुसती माया, सेवा, त्याग म्हणून भाषण ठोकू नका. बाबासाहेबांनी हा विषय हक्काचा केला. १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडलं की बाळंतपणाच्या आधी-नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. १९२९ ला मुंबई प्रांतात तो कायदा झाला. पुढे १९४२ ते ४६ मजूरमंत्री असताना खाणीतल्या बायकांच्या प्रसूती लाभासाठी पण त्यांनी काम केलं. आणि समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, या अर्थाचं ते बोलले ते तुमच्याच नागपुरात, जुलै १९४२ च्या महिला परिषदेत. हे पोरांना सांगा.

आणि त्याच मांडवात एक टेबल टाका. अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलंय, किती जणींना माहीत आहे विचारून बघा. मावशी ५९ च्या आतल्या असतील तर ई-श्रम नोंदणी, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी, तिथेच करून टाका, आधार आणि बँक पासबुक आणायला आधी सांगा.

हडपसरकर:
फोटोंमध्ये सावित्रीमाई पण हव्यात, हे काम त्यांचंच आहे. १८९७ च्या प्लेगात लोक आजाऱ्याला सोडून पळत होते तेव्हा माईंनी मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं, आमच्याकडे ससाणे मळ्यात होता तो. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला गेल्या. तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. मी त्या बाजूने जाताना अजून दोन मिनिटं थांबतो.

विहारामागची गल्ली:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बैठक झाली. रात्रीच्या गाडीसाठी चार नाही, सात जणांनी नावं दिली. टेबलावर आमच्या दोन बहिणी बसणार, एकीचं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. कार्यक्रम संध्याकाळी न ठेवता दुपारी चारला, अंगणवाडी सुटून घरचं आवरल्यावर येता येईल असा. आणि त्या दोन तासांसाठी आजोबांजवळ मी आणि माझा भाऊ बसणार, मी स्टेजवर नसलो तरी चालतंय.

आज सकाळी मावशींना सांगायला गेलो तर त्यांनी मला आधी कूस कशी बदलायची ते करून दाखवलं, खांद्याखाली एक हात, कंबरेखाली एक हात, ओढायचं नाही, आणि मागे उशी लावायची. मग म्हणाल्या, येते बाबा, पण माझी खुर्ची पुढं नको ठेवू, दाराजवळ ठेव, तू फोन केला तर मला लगेच उठता आलं पाहिजे.