थ्रीवेअर ९६५०एसई कार्डावर लिहिण्याचा वेग फारच कमी मिळतो

प्रश्न

आमच्या ग्रंथालयातील जुन्या मासिकांची स्कॅन केलेली पाने ज्या सर्व्हरवर ठेवली आहेत, त्यात थ्रीवेअरचे ९६५०एसई-४एलपीएमएल हे रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारे कार्ड) असून त्याला १ टीबीच्या ४ डिस्क रेड ५ पद्धतीने (एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचतो अशी वाटणी), ६४ केबी स्ट्राइप (एका डिस्कवर एका वेळी जाणारा तुकडा) ठेवून जोडल्या आहेत. सर्व्हरवर लिनक्स आहे. वाचताना अडचण येत नाही, पण ४० जीबीचे फोल्डर चढवायला जवळजवळ एक तास लागतो. चारही डिस्क तपासल्या. एकीतही दोष नाही. कार्डाच्या युटिलिटीत कॅशच्या (लिहायचा डेटा तात्पुरता धरून ठेवणाऱ्या कार्डावरील मेमरीच्या) रकान्यात ‘ऑफ’ दिसते आणि वीज गेल्यावर ती कॅश जपणाऱ्या बॅटरीची नोंदच नाही. नवे कार्ड घेण्याइतका निधी यंदा नाही. सेटिंग बदलून काही साधेल का?

उत्तर १

नक्की साधेल, कारण दुखणे त्या ‘ऑफ’मध्येच आहे. रेड ५ मध्ये छोटा तुकडा लिहायचा झाला तरी कार्डाला जुना डेटा व जुनी पॅरिटी (बिघडलेल्या डिस्कवरचा डेटा पुन्हा काढता यावा म्हणून ठेवलेली जादा माहिती) वाचावी लागते आणि मग नवा डेटा व नवी पॅरिटी लिहावी लागते, म्हणजे एका कामासाठी डिस्कवर चार फेऱ्या होतात. कॅश चालू असेल तर कार्ड हे तुकडे साठवून १९२ केबीची पूर्ण स्ट्राइप (तीन डिस्कवर ६४-६४ केबी डेटा, चौथीवर पॅरिटी) एकदम लिहू शकते आणि आधी वाचण्याची गरजच उरत नाही. तुमच्याकडे चांगला यूपीएस असेल तर बॅटरी नसतानाही कॅश चालू करा आणि स्टोअरसेव्ह (वेग हवा की डेटाची सुरक्षितता हे ठरवणारे कार्डाचे सेटिंग) ‘परफॉर्मन्स’वर ठेवा.

उत्तर २

वरील निदान अगदी बरोबर आहे, पण शेवटच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. यूपीएस भिंतीतली वीज सांभाळतो. सर्व्हरच्या आतला पॉवर सप्लाय जळाला तर तो काहीही करू शकत नाही. आमच्याकडे नेमके तेच झाले: यूपीएसवर हिरवा दिवा तसाच होता, सर्व्हर मात्र बंद पडला, कॅशमधला डेटा गेला आणि फाइल सिस्टीम सावरून बॅकअप परत चढवण्यात दोन रात्री गेल्या. ज्या मासिकांची दुसरी प्रत कुठे मिळेल याची खात्री नाही, त्यांच्या स्कॅनसाठी हा धोका पत्करू नका. आधी कार्डाला बसणारा बॅटरी संच मिळवा, त्याची क्षमता चाचणी करा (चाचणी सुरू असताना कॅश बंद राहते, म्हणून ती सुट्टीच्या दिवशी लावावी), त्यानंतरच कॅश चालू करा आणि स्टोअरसेव्ह ‘बॅलन्स’वर ठेवा.

वाचनाचा वेगही वाढवता येईल. लिनक्सचा रीड-अहेड (मागितलेल्याच्या पुढचा डेटा आधीच वाचून ठेवण्याचे प्रमाण) सहसा २५६ सेक्टर, म्हणजे जेमतेम १२८ केबी असतो. मोठ्या स्कॅन फाइलींसाठी तो १६३८४ सेक्टरपर्यंत न्या. मात्र सर्व्हर पुन्हा सुरू झाला की हा बदल पुसला जातो, तेव्हा तो यूडेव्हच्या (सुरू होताना उपकरणांची सेटिंग लावणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेच्या) नियमात लिहून ठेवा. कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये आहे तेही पाहा, कारण काही मदरबोर्डांवर दिसायला लांब असलेल्या स्लॉटला आतून एकच लेन (डेटा वाहून नेणारी वाट) जोडलेली असते आणि पहिल्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसमध्ये (कार्डे मदरबोर्डला जोडण्याच्या पद्धतीत) एका लेनला सेकंदाला २५० एमबीच मिळतात.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जुन्या सर्व्हरच्या सुट्या भागांत बॅटरी संच मिळाला. पहिला संच चाचणीत नापास झाला, दुकानदाराने तो बदलून दिला, दुसरा पास झाला. कॅश चालू केली, स्टोअरसेव्ह ‘बॅलन्स’वर ठेवले. तेच ४० जीबीचे फोल्डर आता सात मिनिटांच्या आत चढते आणि त्या वेळी गिगाबिट नेटवर्कच पूर्ण भरलेले दिसते. स्लॉट चार लेनचाच निघाला. रीड-अहेडचा बदल रविवारी करणार आहे.