निकेलची ॲलर्जी निघाली, आता हे 'जीन ॲक्टिव्हिटी' काय प्रकरण आहे?

खाजकुमार: पाठीवर पॅच टेस्ट केली (संशयित पदार्थ पट्ट्यांखाली कातडीवर चिकटवून ठेवतात), पट्ट्या ४८ तासांनी काढल्या तेव्हा नुसतं गुलाबीसर दिसत होतं, मला वाटलं सुटलो, आणि चौथ्या दिवशी निकेलच्या जागी पुरळ टरारून वर आलं. मग वाचत बसलो तर म्हणे अशा रिॲक्शनमध्ये त्वचेतले शेकडो जीन्स बदलतात. अरे पण जीन्स तर जन्मापासून तेच असतात ना? बेल्टचं बक्कल घासलं म्हणून डीएनए बदलला का? मुलीलाही होणार का हे?

प्रयोगशाळेतला: डीएनएला काही झालेलं नाही, निवांत राहा. टेस्टच्या जागचा छोटा तुकडा काढून बघतात की कुठल्या जीनच्या आरएनए कॉप्या (जीन कामाला लागला की निघणाऱ्या त्याच्या नकला) किती निघतायत, आणि शेजारच्या चांगल्या कातडीशी ताडून बघतात. तेवढीच ती ॲक्टिव्हिटी.

उशीर का झाला ते ऐका. निकेल पेशींवरच्या टीएलआर४ नावाच्या रिसेप्टरला (इशारा पकडणाऱ्या रेणूला) थेट चिकटतं (हे २०१० साली कळलं, आणि गंमत म्हणजे उंदराच्या टीएलआर४ला ते तसं चिकटत नाही), त्यातून सूज आणणारे जीन्स जागे होतात. मग निकेल ओळखणाऱ्या टी पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) तिथे पोचतात, इंटरफेरॉन गॅमा नावाचं इशारा देणारं प्रथिन सोडतात, त्यावर त्वचेच्या पेशी सीएक्ससीएल९, सीएक्ससीएल१० असली रसायनं बनवतात, त्या वासावर आणखी टी पेशी येतात. या सगळ्याला दोन-तीन दिवस जातात, म्हणून तर डॉक्टर दुसऱ्यांदा बोलावतात.

साबणवाली: यात एक भर. साबणातल्या सोडियम लॉरिल सल्फेटनेही कातडी लाल होते पण ती ॲलर्जी नव्हे, नुसती जळजळ. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, मायक्रोस्कोपखालीही बऱ्याचदा फसगत होते, पण सीएक्ससीएल९ आणि १० ॲलर्जीतच जास्त चढलेले सापडतात. आणि ॲलर्जी-ॲलर्जीतही फरक असतो बरं का, २०१४च्या एका अभ्यासात निकेलला टीएच१ आणि टीएच१७ (टीएच म्हणजे टी पेशींचे वेगवेगळ्या पद्धतीने काम करणारे प्रकार) बाजूचे जीन्स जोरात होते, सुगंधी द्रव्यांना टीएच२कडे कल. म्हणजे सगळ्यांना एकच औषध लागू पडेल असं धरून चालणं मला तरी पटत नाही.

खाजकुमार: भारी! पण टेस्ट पाठीवर आणि पोटावर जिथे पूर्वी बक्कल लागायचं तिथेही खाज सुटली, तिथे तर काहीच लावलं नव्हतं.

प्रयोगशाळेतला: होतं असं. रिॲक्शन शमली तरी काही मेमरी टी पेशी (जुनी ओळख लक्षात ठेवणाऱ्या) त्याच जागी मुक्काम ठोकून राहतात, महिनोन् महिने. मुलीचं म्हणाल तर ही ॲलर्जी जन्मजात येत नाही, वारंवार संपर्कातून लागते. फिलॅग्रिन जीनमध्ये दोष असेल तर कातडीचा अडसर कच्चा असतो, तेवढं घराण्यातून येऊ शकतं. कान टोचलेत का तिचे?

खाजकुमार: नाही अजून.

साबणवाली: मग टोचाल तेव्हा टायटॅनियमचं घाला, स्वस्तातलं चकचकीत नको.