मिरचीच्या भाषेतलं युद्ध
कुणीतरी म्हटलंय की सैनिकांच्या आठवणी म्हणजे इतिहास नव्हे, आठवण चुकते. चुकते, मान्य, पण मग पहिल्या महायुद्धातली, १९१५ ची पत्रं बघा ना. फ्रान्सच्या आघाडीवरून आपले हिंदुस्थानी शिपाई घरी लिहायचे, बऱ्याच जणांना लिहिता यायचं नाही म्हणून दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे, आणि मध्ये सेन्सॉर, म्हणजे पत्रं वाचून तपासणारा सरकारी माणूस, बसलेला. मग शिपायांनी युक्ती काढली, काळी मिरी म्हणजे हिंदुस्थानी सैनिक आणि लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आलीय असं घरी कळवलं की काय ते कळावं! सेन्सॉरला ते कळलं, त्यानेच इंग्रजी भाषांतरं करून ठेवली म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतात.

जनरलच्या रिपोर्टात हे कुठं सापडणार? तिथं फक्त आकडे. आपल्याकडे सातारा, रत्नागिरीत गावागावात दगडी पाट्या आहेत, या गावातून एवढी माणसं महायुद्धावर गेली, एवढी मेली, बस, नावं पण नाहीत. मला तर ती पाटी बघितली की गलबलून येतं. ज्यांच्या घरी आजा-पणजाचं एखादं जुनं पत्र, पदक असेल त्यांनी प्लीज स्कॅन करून ठेवा.