ईपीएफओची मासिक सदस्यवाढ म्हणजे नव्या नोकऱ्या का?

आकडेपारखी:
जून २०२५ मध्ये ईपीएफओची (कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना) निव्वळ सदस्यवाढ, म्हणजे आलेले वजा गेलेले, २१.८९ लाख होती. त्याच महिन्यात पीएलएफएसनुसार (सरकारचे श्रमशक्ती सर्वेक्षण) १५ वर्षांवरील लोकांत काम करणाऱ्यांचे प्रमाण मेमधल्या ५१.७ वरून ५१.२ टक्क्यांवर आले. तरी बातम्यांत 'विक्रमी रोजगार'! माझे मत स्पष्ट आहे: सदस्यवाढीला नोकऱ्या म्हणू नये. पीएफचा कायदा साधारणपणे २० कामगारांच्या आस्थापनेला लागतो. १९ जणांच्या कारखान्यात विसावा माणूस आला आणि सगळ्यांचा पगार १५ हजारांच्या आत असला, की वीसही जणांची खाती निघतात. नोकरी वाढली एक, सदस्य वीस.

कामगारकट्टा:
साफ असहमत. ईपीएफओत सदस्य म्हणून मोजले जायला नुसता यूएएन (पीएफचा ओळख क्रमांक) पुरत नाही, वर्गणी जमा व्हावी लागते. म्हणजे कुणीतरी खरोखर पगार दिला आहे. पीएलएफएसच्या साप्ताहिक निकषात सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर काम केले तरी माणूस 'रोजगारात'. घरच्या दुकानात बिनपगारी बसणारासुद्धा! तुमच्या त्या १९ जणांना पहिल्यांदा पीएफ मिळाला, हे तुम्ही किरकोळ का धरता?

आकडेपारखी:
किरकोळ नाहीच, पण ती जुन्याच कामाची नोंद झाली. तासाचा निकष आंतरराष्ट्रीय आहे आणि दर महिन्याला तोच राहतो, त्यामुळे बदल मोजताना त्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते सोडून जाणाऱ्यांच्या मोजणीत. नवा सदस्य वर्गणी भरताच दिसतो. गेलेला मात्र मालकाने बाहेर पडल्याची तारीख भरली किंवा त्याने स्वतः दावा केला तरच. ही नोंद मागाहून होते. म्हणून ताज्या महिन्याचा आकडा फुगतो आणि पुढे दुरुस्त करावा लागतो. आकडे तात्पुरते असल्याचे ईपीएफओच सांगते. मथळ्यातून नेमका तोच शब्द गळतो.

रब्बीखरीप:
दोघेही हंगाम विसरलात. रब्बीची कापणी-मळणी उरकली की शेतात राबणाऱ्या कितीतरी बायांचे काम संपते. त्या दुसरे काम शोधत नाहीत, म्हणून बेरोजगारांत मोजल्याच जात नाहीत. मे-जूनचे आकडे पाहा: बेरोजगारी दोन्ही महिन्यांत ५.६ टक्के, श्रमशक्ती सहभाग (काम करणारे आणि शोधणारे मिळून) मात्र ५४.८ वरून ५४.२. नुसता बेरोजगारीचा दर पाहणाऱ्याला काहीच घडले नाही असे वाटेल. हे मासिक आकडे हंगामाचा परिणाम वजा करून दिलेले नसतात. त्यामुळे मेशी जूनची तुलना करून रोजगार घटला म्हणणेही कच्चेच. जूनशी पुढल्या वर्षीचा जून लावा. मागल्या वर्षीचा जून मिळणार नाही, कारण ही मासिक मालिकाच एप्रिल २०२५ पासूनची आहे.

कामगारकट्टा:
हंगामाचे मान्य. पण शहरी, पगारी नोकरीचा कल पाहायचा तर मी ईपीएफओच धरेन, दोन-तीन महिने थांबून दुरुस्त आकडा घेऊन.

आकडेपारखी:
तसा घ्या. फक्त त्यात ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा महामंडळ) नोंदणी मिळवू नका. तिथे पगारमर्यादा २१ हजार आहे, त्यामुळे १४ हजारांचा कामगार दोन्हीकडे असतो आणि बेरजेत दोनदा येतो.